बीपीची गोळी दुसऱ्या महिन्यात सुटते, तेव्हा

वाचकाचं पत्र: "मी दक्षिण सोलापूर तालुक्यात एका उपकेंद्रावर (आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर) समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावात शेतकरी आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जाणारे पुरुष आहेत, घरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत. तिशीवरच्यांची तपासणी पुरी झाली, रजिस्टर भरलं. पहिल्या महिन्याच्या गोळ्या सगळे नेतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात निम्मे फिरकत नाहीत. 'त्रासच नाही तर गोळी कशाला' हे ठरलेलं उत्तर. दिवाळीनंतर यादीतल्याच ५२ वर्षांच्या एका कामगाराला हार्ट ॲटॅक आला. वाचला. माझ्या नोंदीत त्याचं बीपी १४६/९२ होतं. त्याहून जास्त असलेल्यांच्या मागे मी लागले होते. आधी कुणाकडे बघायचं हे कसं ठरवू? मीठ कमी करा म्हटलं की लोक हसतात. आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीचं विचारलं तर काय सांगू?"

ताई, नमस्कार.

जास्त बीपीवाल्यांच्या मागे लागलात ते योग्यच केलंत. मात्र रांग लावताना एकच आकडा धरलात, आणि इथेच बहुतेक केंद्रांची गल्लत होते. हृदयाचा धोका बेरजेने वाढतो: वय, तंबाखू, साखर, वजन, रक्तातली चरबी आणि बीपी. बेचाळीस वर्षांची, तंबाखूला हात न लावणारी बाई आणि बावन्न वर्षांचा, रोज विडीचं बंडल संपवणारा मागवाला, दोघांचंही बीपी १४६ असलं तरी दोघांचा धोका एक नाही. शिवाय गावात १८० वाले मोजके असतात आणि १४५ वाले चिक्कार. त्यामुळे एकूण झटक्यांतले बरेचसे या 'थोडंसं वाढलेलं' गटातून येतात. तुमच्या रजिस्टरला बेरजेचा एक रकाना हवा.

तो भरायला रक्ततपासणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रदेशवार सुधारलेले धोक्याचे तक्ते काढले, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा आहे. एक तक्ता प्रयोगशाळेच्या आकड्यांवर चालतो, दुसरा त्यांच्याशिवाय. दुसऱ्याला पाच गोष्टी लागतात: वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन). रकाने जुळवले की एक रंगीत चौकट मिळते. पुढच्या १० वर्षांत हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता ती सांगते. हिरवा म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, पिवळा ५ ते १०, केशरी १० ते २०, लाल २० ते ३०, गडद लाल ३० आणि वर. तक्ता छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. तो ४० ते ७४ वयासाठी आहे. आधी झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना तो लावायचाच नाही, ते आपोआप सर्वांत वरच्या गटात. बिनतपासणीच्या तक्त्यात मधुमेहाचा रकाना नाही, म्हणून साखरवाल्याची चौकट हिरवी आली तरी निर्धास्त होऊ नका. गोळ्या चालू असताना घेतलेलं बीपी घातलं तर धोका कमी दिसतो. मिश्री, तंबाखू-चुना यांची नोंद तक्ता घेत नाही. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर तेही तो विचारत नाही. या दोन गोष्टी शेजारी लाल पेनाने लिहा. आशाताईंनी घरोघरी भरलेल्या सीबॅक फॉर्मचे (सवयी आणि धोक्यांच्या प्रश्नावलीचे) गुण ही वेगळी गोष्ट. ४ च्या वर गुण असलेल्याला तपासणीला आधी बोलवा, एवढंच तो फॉर्म सांगतो; झटक्याचा धोका सांगत नाही. दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.

आता त्या १४६ बद्दल. आकडा बरोबर घेतला होता का, हे आधी बघावं लागेल. बसस्टँडवरून चालत आलेला माणूस, लोंबकळणारे पाय, शर्टाच्या बाहीवरून गुंडाळलेला पट्टा, मोजताना चाललेली गप्पागोष्ट आणि बाहेर नुकतीच विझवलेली विडी: एवढ्याने निरोगी माणूसही रजिस्टरात चढतो. नुसतं बोलण्याने वरचं बीपी दहाच्या आसपास वाढू शकतं. लघवी तुंबलेली असेल तरी वाढतं. म्हणून अर्धा तास आधी चहा, विडी, मिश्री काही नको. पाच मिनिटं गप्प बसवा. पाठीला टेकू, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, उघडा हात टेबलावर छातीच्या उंचीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो, तेव्हा मोठा पट्टा मागून घ्या. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्हींत बराच फरक आला तर तिसऱ्यांदा. आणि जो आकडा दिसेल तोच लिहा. डिजिटल मशीन असताना पानभर १४०, १३०, १५० असे शून्याने संपणारे आकडे दिसले, तर कुणीतरी अंदाजपंचे भरतंय हे नक्की.

१४०/९० किंवा वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं की निदान पक्कं. १८०/११० च्या वर असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची कमजोरी, बोबडी वळणं यातलं काही असेल तर थेट १०८.

औषध सुरू करणं वैद्यकीय अधिकाऱ्यांचं काम, पुढे चालवणं तुमचं. सरकारी उपचारपद्धतीत बहुधा ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात होते. महिन्याने आकडा उतरला नाही तर टेल्मिसार्टन ४० जोडतात, मग डोस वाढवतात, त्यानंतर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी. या पायऱ्या कागदावर असतात आणि रुग्ण पहिल्याच पायरीवर वर्षभर बसलेला असतो. दर महिन्याला १५२, १५०, १५४ अशी नोंद आणि पुढे 'तेच चालू'. आमच्या मते हे गोळी सोडण्याइतकंच वाईट, कारण तो बिचारा वेळेवर येऊनही उपयोग शून्य. म्हणून नियम करा: गोळ्या घेत असूनही सलग दोन भेटींत १४०/९० च्या वर, तर त्याच दिवशी ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सोय) डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आधी झटका असलेल्यांत वरचं बीपी १३० च्या आत आणायचं असतं. त्यांच्यात १३८ बघून समाधान मानू नका.

पायरी चढवण्याआधी एक प्रश्न मात्र विचाराच. "गोळ्या नीट घेता ना?" याला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी "गेल्या सात दिवसांत किती वेळा राहिली?" असं विचारा आणि रिकामी पट्टी मागा. आजूबाजूला घरात कन्नड बोलतात, तिथे हे आशाताईंनी कन्नडमधून विचारलेलं बरं. मराठीत 'हो' म्हणून मोकळं होणारी बाई आपल्या भाषेत खरं सांगते. गोळी सोडायचं कारणही तिथेच निघतं. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, आणि 'किडनी गेली' या भीतीने गोळी बंद होते. सुजेबद्दल पहिल्या दिवशीच सांगून ठेवा: दिसली तर स्वतः बंद करू नका, मला दाखवा. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. मूल होण्याच्या वयाच्या बाईला ती लिहून आली असेल तर डॉक्टरांना तसं लक्षात आणून द्या. टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी चालू असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी सुचवा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो. लघवीच्या गोळ्यांवर असलेला मागवाला मार्चनंतर 'उठलं की डोळ्यांपुढे अंधारी' म्हणू लागला, तर उभं करूनही बीपी मोजा. डोस कमी करण्याची वेळ आलेली असू शकते.

आता तुमचा खरा प्रश्न, दुसरा महिना. 'त्रास नाही' हे माणूस खरंच सांगतोय. बीपीने बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून गोळीने बरं वाटण्याचाही अनुभव नाही; उलट सूज नाहीतर चक्कर वाट्याला येते. अशाला भाषण देऊन फरक पडत नाही. पहिल्या भेटीत दोनच वाक्यं सांगा: "ही गोळी आज बरं वाटावं म्हणून नाही. झटका आणि लकवा टाळायला आहे, आणि घेताय तोवरच काम करते." 'सवय लागते का?' विचारलं तर सरळ सांगा की नशेसारखी सवय लागत नाही, पण थांबवली की बीपी परत वर जातं. बीपी नॉर्मल आलं म्हणजे गोळी काम करतेय, सुटी मिळालेली नाही. हे वाक्य दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगावं लागतं, कारण नॉर्मल आकडा ऐकूनच सर्वांत जास्त लोक गोळी सोडतात.

पण बोलण्याने सुटेल त्याहून अधिक वेळापत्रकाने सुटतं. विड्या हजारावर मोजून मजुरी मिळते. उपकेंद्रावर दोन तास गेले की तेवढ्या विड्या कमी. मागवाला सकाळी जातो तो रात्री येतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सहा ते आठ फक्त गोळ्यांचा ठेवा, शक्यतो यंत्रमागाच्या सुटीचा. बायका वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला कारखान्याच्या शाखेवर ठरावीक वेळी जमतात; तिथे आशाताई मशीन आणि यादी घेऊन गेल्या तर एका फेरीत अनेकींचं बीपी होतं. बीपी आटोक्यात येईपर्यंत दर महिन्याला बोलवा. आटोक्यात आलं, साठा पुरेसा असला आणि डॉक्टरांची हरकत नसली, की दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. नियमाने वागणाऱ्याला दर महिन्याला फेरी मारायला लावणं ही त्याला शिक्षाच.

रजिस्टर नावाच्या क्रमाने न ठेवता पुढच्या तारखेच्या क्रमाने ठेवा. महिन्यागणिक एक खण असलेली पेटी आणि प्रत्येकाचं एक कार्ड, एवढं पुरतं. आलेल्याचं कार्ड पुढच्या खणात जातं. महिना संपल्यावर खणात उरलेली कार्डं हीच तुमची गैरहजरांची यादी. तारीख उलटून सात दिवस झाले की फोन, पंधरा झाले की घरी. फोनवर "का आला नाहीत?" नको, "गोळ्या बाजूला काढून ठेवल्यात, कधी येताय?" एवढंच. यादीत लाल-केशरी चौकटीवाले आधी. रोजचं काम जास्त असेल तर हिरव्यांचा फोन राहिला तरी चालेल, यांचा राहता कामा नये.

साठ्याचा हिशेबही इथेच करून ठेवा, कारण आलेला माणूस एकदा रिकाम्या हाताने परतला की पुढच्या वेळी येत नाही. समजा ८० जण ॲम्लोडिपिन ५ वर आहेत आणि त्यातले १५ रोज दोन घेतात. मग ६५ जणांच्या १,९५० आणि १५ जणांच्या ९००, मिळून महिन्याला २,८५० गोळ्या. केंद्रे मागणी करताना ८० गुणिले ३० करतात आणि दुप्पट डोसवाले विसरतात. तिथेच २५ तारखेला डबा रिकामा होतो. शिल्लक २,८५० वर आली की मागणी गेलेली असली पाहिजे. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणारे, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत दुकान लावणारे, ऊसतोडीला जाणारे यांच्या गोळ्या निघण्याआधी द्या. उपासाच्या दिवशी बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायची, त्याने उपास मोडत नाही. साखरेच्या गोळ्यांचं मात्र वेगळं: ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक उतरते. उपासाआधी डॉक्टरांना विचारायला लावा.

मिठावर लोक हसतात, कारण 'कमी' म्हणजे किती हे त्यांना कुणी सांगत नाही. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. याचा घरचा हिशेब करा. पाच माणसांचं घर, दिवसाला २५ ग्रॅम, तर किलोची पिशवी ४० दिवस जायला हवी. "मिठाची पिशवी किती दिवस जाते?" हा प्रश्न स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला विचारा, पुरुषाला नको. वीस दिवस म्हणाली तर दुप्पट मीठ चाललंय, आणि त्यात विकतचं लोणचं-पापड, फरसाण धरलेलंच नाही. आपल्याकडे ज्वारीची भाकरी बिनमिठाची चालते, ती चांगलीच. मीठ येतं ते तोंडी लावण्यातून: शेंगाचटणी, खर्डा, लोणचं. शेंगाचटणी सोडा म्हणू नका, कुणी सोडणार नाही, आणि शेंगदाण्याचं हृदयाशी वैर नाही. कुटतानाच मीठ अर्धं घाला, लसूण-जिरं वाढवा, लागलं तर लिंबू पिळा. महिन्याभरात जीभ रुळते. ताटातल्या मिठाचा कोपरा बंद. सैंधव घेतलं की झालं असं मानणारे पुष्कळ आहेत; सैंधवही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. बीपीला त्याचा फायदा होतो, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, आणि तळणाचं उरलेलं पुन्हापुन्हा तापवायचं नाही. खाण्याबद्दल याहून जास्त एका भेटीत सांगू नका.

तंबाखूचं विचारायला "व्यसन आहे का?" उपयोगाचं नाही. विड्या वळणारी बाई 'नाही' म्हणेल आणि तिच्या दातांवर मिश्री असेल. "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. धूम्रपान सोडल्यावर झटक्याचा जास्तीचा धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो; कुठल्याही एका गोळीकडून एवढी अपेक्षा नसते. सोडायची तारीख त्याच्याकडूनच घ्या, कार्डावर लिहा, त्या आठवड्यात दोनदा फोन करा. तलफ पहिल्या आठवड्यात सर्वांत जोरात असते आणि एकेक उमाळा काही मिनिटांत ओसरतो. निकोटिनचं च्युइंगगम घेणार असेल तर वापर शिकवा: दोन-चार वेळा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, ओसरल्या की पुन्हा चावायचं. चहानंतर पंधरा मिनिटं घ्यायचं नाही. लोक साध्या गमसारखं भराभर चावतात, मळमळतं आणि 'सोसत नाही' म्हणून टाकून देतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे बहुधा ॲटोरव्हास्टॅटिन. ती रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा एकूण धोक्यावर ठरते. झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेले, चाळिशीपुढचे मधुमेही आणि तक्त्यात २० टक्के किंवा वर असलेले, हे तीन गट डॉक्टरांपुढे ठेवा. रिपोर्टचे पैसे नाहीत म्हणून यांची गोळी अडू नये. अंग दुखलं तर कळवायला सांगा. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी. ॲस्पिरिनचं मात्र उलटं आहे. 'रक्त पातळ राहावं' म्हणून निरोगी माणसं ती स्वतःहून रोज घेतात. २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं, की हृदयविकार नसलेल्यांत तिचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यात खपून जातो. ज्याला झटका येऊन गेलाय, त्याने ती सोडायची नाही. त्या ५२ वर्षांच्या गृहस्थांचं कार्ड आता पेटीत सर्वांत पुढे, आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांना तपासणीला याच महिन्यात बोलवा.

आणखी एक, जे कुठल्याच फॉर्मवर नसतं: दुखण्याच्या गोळ्या. मागावर उभं राहून कंबर-गुडघे जातात आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी येते. तिने बीपी वाढतं. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीसोबत मूत्रपिंडालाही धोका. औषध घेऊनही बीपी उतरत नसेल तर खिशातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढायला लावा.

शेवटी, झटका आलाच तर. छातीत जडपणा किंवा दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, घाम, धाप. बायकांत आणि मधुमेहींत नुसता थकवा, मळमळ किंवा 'गॅस' एवढंच असू शकतं. सोडा पाजून वाट बघण्यात इथे सर्वांत जास्त वेळ जातो. १०८ ला फोन करा, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ देऊ नका. डॉक्टरांचा तसा स्थायी (आधीच देऊन ठेवलेला) आदेश असेल, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, पक्षाघाताची लक्षणं नसतील, तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) बीपी न मोजता जिभेखाली ठेवू नका. बीपी खाली असेल तर माणूस जागेवर कोसळतो. ईसीजी जवळ कुठे निघतो, रात्री तिथे कोण असतं आणि सोलापूरच्या सिव्हिलला पोहोचायला किती वेळ लागतो, हे आजच भिंतीवर लिहून ठेवा. आणि रुग्णाबरोबर त्याचं कार्ड पाठवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवताना तिथल्या डॉक्टरांना त्याचं बीपी, चालू गोळ्या आणि दुखणं किती वाजता सुरू झालं, हे तिन्ही लागतं. वेळ तेवढी तुमच्या अक्षरात, मोठी लिहा.